ग्रीक-रोमन विद्या : जुने अभ्यासक्रम, नवे प्रश्न

शासकीय पत्रावर जुलै किंवा ऑगस्ट महिन्यातील तारीख घालणारा लिपिक दोन रोमन सत्ताधीशांची नावेच लिहीत असतो. ज्युलिअस सीझरच्या सन्मानार्थ इ. स. पूर्व ४४ मध्ये एका महिन्याचे नामकरण झाले आणि सम्राट ऑगस्टसच्या सन्मानार्थ इ. स. पूर्व ८ मध्ये त्यापुढील महिन्याचे. विद्यापीठाच्या ज्या सभेला मराठीत अधिसभा म्हणतात, तिचे ‘सेनेट’ हे नाव रोममधील ज्येष्ठांच्या सभेवरून आलेले आहे. राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात लोकशाहीचा इतिहास अथेन्सपासून सुरू होतो, भूमितीचा युक्लिडपासून. नित्याच्या व्यवहारात इतक्या ठिकाणी भेटणाऱ्या या दोन प्राचीन समाजांचा विद्यापीठीय अभ्यास नेमका कसा चालतो, याची कल्पना मात्र आपल्याकडे सुशिक्षितांनाही क्वचितच असते. देवदेवतांच्या कथा, पांढरेशुभ्र संगमरवरी पुतळे आणि रुक्ष व्याकरण एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. यातील पुतळ्यांच्या शुभ्रतेचा समजदेखील खरा नाही. मूळ पुतळे भडक रंगांनी रंगविलेले असत, हे आता निर्विवादपणे सिद्ध झाले आहे.

इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांत या विद्याशाखेला ‘क्लासिक्स’ असे म्हणतात. होमरच्या महाकाव्यांपासून रोमन साम्राज्याच्या अखेरच्या शतकांपर्यंतचा, म्हणजे साधारणपणे हजार-बाराशे वर्षांचा आणि भूमध्य समुद्राभोवतालच्या सर्व प्रदेशांचा तिच्यात समावेश होतो. मायकेल व्हेंट्रिस या व्यवसायाने वास्तुशिल्पी असलेल्या इंग्रज तरुणाने १९५२ साली क्रीट व ग्रीस येथील मातीच्या पाटांवरील ‘लिनिअर बी’ लिपीचा उलगडा केला आणि त्या पाटांची भाषा ग्रीकच असल्याचे दाखवून दिले, तेव्हा या भाषेचा लिखित इतिहास एकदम सुमारे इ. स. पूर्व १४०० पर्यंत मागे गेला. ते पाट कशाचे होते? मेंढ्या, धान्य, तेल, कामकरी स्त्रिया यांच्या नोंदींचे. ग्रीक भाषेचे ज्ञात असलेले सर्वांत जुने लेखन हे कोठारातील हिशेब आहे.

परीक्षांची परंपरा

ऑक्सफर्ड विद्यापीठाने इ. स. १८०० मध्ये नवा परीक्षा-नियम केला व त्यातून पुढे ‘लिटराए ह्युमॅनिओरेस’ हा अभ्यासक्रम आकारास आला. विद्यार्थ्यांच्या बोलीत त्याला ‘ग्रेट्स’ म्हणतात. हा अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा आहे. पहिल्या पाच सत्रांनंतर ‘मॉडरेशन्स’ नावाची परीक्षा होते व तिच्यात भाषा आणि वाङ्मय यांवर भर असतो. उरलेल्या सात सत्रांत इतिहास, तत्त्वज्ञान, वाङ्मय, पुरातत्त्व व भाषाशास्त्र यांतून विद्यार्थी आपले विषय निवडतो. तत्त्वज्ञान म्हणजे केवळ प्लेटो व ॲरिस्टॉटल नव्हे. आधुनिक तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्रही त्यात येते. अध्यापन व्याख्यानांतून होतेच, परंतु खरा भार असतो तो एका-दोघा विद्यार्थ्यांनी शिक्षकासमोर बसून निबंध वाचण्यावर व त्यातील प्रत्येक विधानाचे समर्थन करण्यावर.

केंब्रिज येथे ‘क्लासिकल ट्रायपॉस’ ही परीक्षा १८२२ साली स्थापन होऊन १८२४ मध्ये प्रथम घेण्यात आली. गंमत अशी की, प्रारंभीच्या काळात गणिताच्या सन्मान परीक्षेत उत्तीर्ण झाल्याखेरीज सामान्य विद्यार्थ्याला या परीक्षेस बसताच येत नसे. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही ठिकाणी कसोटीचा विषय होता रचनेचा. इंग्रजीतील एखादा उतारा घेऊन तो सिसेरोच्या वळणाच्या लॅटिनमध्ये अथवा एखादी कविता ग्रीक वृत्तात उतरवून दाखवायची. आपल्या संस्कृत पाठशाळांतील समस्यापूर्तीशी याचे नाते जवळचे आहे. बुद्धीला धार येत असे यात शंका नाही. पण त्या ग्रंथांतून दिसणाऱ्या समाजाविषयी प्रश्न विचारण्याची सवय त्यामुळे लागत असे, असे म्हणणे कठीण आहे.

हिंदुस्थानच्या प्रशासनाशी या परीक्षांचा संबंध निकटचा होता. सनदी सेवेसाठी स्पर्धा परीक्षा घेण्याची योजना मॅकॉले समितीने १८५४ साली मांडली. त्या योजनेत एकूण ६,८७५ गुणांपैकी ग्रीकसाठी ७५० व लॅटिनसाठी ७५० गुण होते. संस्कृतसाठी ३७५ व अरबीसाठी ३७५. ज्या देशाचा कारभार चालवायचा त्याच्या अभिजात भाषेचे मोल, तेथे कधी न बोलल्या गेलेल्या भाषेच्या नेमके निम्मे ठरविण्यात आले होते. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांना हे गुणदान सोयीचे होते आणि ते सोयीचे असावे हाच त्यामागील एक हेतू होता.

हे जोखड अंगावर घेऊन त्याच परीक्षेत ग्रीक व लॅटिनमध्ये चमकणारा हिंदी विद्यार्थीही निघाला. अरविंद घोष हे १८९० साली सनदी सेवेच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातून १८९२ मध्ये ट्रायपॉसच्या पहिल्या भागात त्यांनी प्रथम वर्ग मिळविला. घोडेस्वारीच्या चाचणीस ते उपस्थित राहिले नाहीत व त्यामुळे सेवेत घेतले गेले नाहीत. १८९३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात रुजू झाले. स्वतःच्या देशाची संस्कृत भाषा त्यांनी पद्धतशीरपणे अभ्यासली ती येथे आल्यानंतर. ट्रॉयच्या युद्धावर त्यांनी पुढे इंग्रजीत महाकाव्यही लिहावयास घेतले.

हजेरीपट, पाणीपुरवठा आणि खापरे

गेल्या शतकभरात या अभ्यासाचे स्वरूप बदलले. केंब्रिजमध्ये आज वाङ्मय, तत्त्वज्ञान, इतिहास, कला व पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र अशा पाच शाखा मानल्या जातात व त्यांच्या सीमा ओलांडणारे विषय सहाव्या गटात येतात. एकाच समाजाकडे पाच बाजूंनी पाहण्याची ही पद्धती आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नाणी ओळखावीत, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने हस्तलिखितांतील पाठभेद समजून घ्यावेत, अशी अपेक्षा केली जाते. अभ्याससाधनांचे काही नमुने पाहिले म्हणजे याचा अर्थ अधिक स्पष्ट होईल.

इंग्लंडच्या उत्तर भागात रोमन साम्राज्याच्या सीमेवर व्हिंडोलांडा नावाचे ठाणे होते. तेथील ओल्या, प्राणवायूविरहित मातीत १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडू लागल्या. त्यांवर शाईने लिहिलेला मजकूर सुमारे इ. स. १०० च्या आसपासचा आहे. त्यांतील एक पट्टी म्हणजे एका तुकडीचा, १८ मे या दिवसाचा संख्यातक्ता आहे. एकूण सैनिक ७५२, पैकी अन्यत्र गेलेले ४५६, हजर २९६. हजर असलेल्यांपैकी कामास असमर्थ ३१ आणि त्यातही आजारी १५, जखमी ६ व डोळे आलेले १० अशी फोड केलेली आहे. म्हणजे ठाण्यावर कामास योग्य असे २६५च जण होते. साम्राज्याचे सामर्थ्य कागदावर आणि प्रत्यक्षात किती वेगळे असते याचा यापेक्षा नेमका पुरावा इतिहासग्रंथांत मिळत नाही. त्याच ठाण्यावर रजेचे अर्ज सापडले आहेत, रस्ते खराब असल्याने माल आणता आला नाही अशी सबब सांगणारे पत्र सापडले आहे, आणि एका अधिकाऱ्याच्या पत्नीने मैत्रिणीला आपल्या वाढदिवसाचे निमंत्रण धाडलेले पत्रही आहे. या पत्राच्या शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या असून, स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिनचा तो अतिशय जुना नमुना मानला जातो.

दुसरा नमुना ग्रंथरूपाने आलेला आहे. धाकटा प्लिनी हा ट्रेजन सम्राटाच्या कारकीर्दीत, इ. स. ११० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेकडील बिथिनिया प्रांताचा राज्यपाल होता. त्याचा सम्राटाशी झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. निकोमिडिया शहराने पाटाने पाणी आणण्यासाठी ३३ लाख १८ हजार सेस्टर्स खर्च केले. काम अर्धवट सोडले व बांधलेला भाग पाडून टाकला. मग दुसऱ्या कालव्यासाठी आणखी दोन लाख मंजूर केले. तेही काम थांबले. प्लिनी जागेवर गेला, उगमाच्या झऱ्याची पाहणी केली, जुने दगड कोठे वापरता येतील व नव्या विटा कोठे लागतील याचा विचार केला आणि कुशल अभियंता पाठविण्याची विनंती केली. सम्राटाचे उत्तर थोडक्यात असे : पाणी आलेच पाहिजे, परंतु इतका पैसा कोणाच्या चुकीने वाया गेला आणि एकमेकांचे हित साधण्यासाठी कामे सुरू करून सोडून दिली गेली काय, याचीही चौकशी व्हावी. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामाशी संबंधित असलेल्या वाचकाला हा पत्रव्यवहार वाचताना एकोणीस शतकांचे अंतर फारसे जाणवणार नाही.

याच शहरात मोठी आग लागली तेव्हा बंब नव्हता, बादल्या नव्हत्या आणि लोक नुसते पाहत उभे होते. प्लिनीने दीडशे कारागिरांचे अग्निशामक पथक सुचविले. सम्राटाने ते नाकारले. लोक कोणत्याही कारणाने एकत्र आले की त्या मंडळाचे रूपांतर राजकीय संघटनेत होते, असे त्याला वाटत होते. साधने पुरवावीत व मालमत्ताधारकांनी ती वापरावीत, एवढेच त्याने कळविले. विद्यार्थ्यापुढे येथे जो प्रश्न ठेवला जातो तो भाषांतराचा नसून राज्यसत्तेचा असतो. पाणी हवे असणारी आणि नागरिकांच्या एकत्र येण्याला भिणारी अशी ही एकच सत्ता होती.

तिसरा नमुना अथेन्सचा आहे. तेथे पाचशे सदस्यांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई. दहा गणांतून प्रत्येकी पन्नास. गावपातळीवरील घटकांना ‘डीम’ म्हणत व त्यांची संख्या १३९ होती. अठरा वर्षांचा झालेल्या तरुणाचे नाव आपापल्या डीमच्या नोंदवहीत चढल्यावरच तो नागरिक होई. मुदत संपल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला आपल्या हिशेबाची व वर्तनाची तपासणी करून घ्यावी लागे. एखादा पुढारी डोईजड झाला तर खापराच्या तुकड्यावर त्याचे नाव कोरून मतदान होई व त्याला दहा वर्षांसाठी शहर सोडावे लागे. सॅलमिसच्या युद्धाचा नायक थेमिस्टोक्लीझ याच्यावर ही पाळी आली. अथेन्सच्या गढीच्या उतारावरील एका विहिरीत १९३७ साली त्याच्या नावाची १९० खापरे एकत्र मिळाली. अक्षरवळण तपासता ती सर्व अवघ्या चौदाएक हातांनी लिहिलेली निघाली. मतदारांना वाटण्यासाठी ती आगाऊ तयार करून ठेवली असावीत असा तर्क त्यावरून करण्यात येतो. ग्रंथांतील आदर्श लोकशाही आणि विहिरीतील खापरे ही दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचणे, हेच आजच्या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय.

अथेन्सच्या या राज्यव्यवस्थेची सविस्तर माहिती देणारा, ॲरिस्टॉटलच्या नावावरील ग्रंथ अनेक शतके हरवलेला होता. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवरून तो १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्या गुंडाळ्यांच्या एका बाजूस शेतीच्या कारभाऱ्याने लिहिलेला जमाखर्च आहे. पाठकोऱ्या बाजूवर कोणीतरी हा ग्रंथ उतरवून घेतला. रद्दी कागदाने राज्यशास्त्राचा एक ग्रंथ वाचविला.

पाठचिकित्सेचे शास्त्र

बहुतेक प्राचीन ग्रंथांना असे भाग्य लाभले नाही. लेखकाच्या हातची प्रत कोठेच नाही. आहेत त्या हजार-दीड हजार वर्षांनंतरच्या नकला, आणि प्रत्येक नकलेत चुका. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून झाली हे समान चुकांवरून ठरवून प्रतींची वंशावळ मांडायची व तिच्या आधारे मूळ पाठाच्या शक्य तितके जवळ जायचे, हे शास्त्र युरोपात मुख्यतः ग्रीक, लॅटिन व बायबलच्या ग्रंथांवर काम करताना घडले. जर्मन पंडित वुल्फ यांनी १७९५ मध्ये होमरवरील आपल्या ग्रंथात ही महाकाव्ये एकाच कवीने लिहून काढली काय, असा प्रश्न विचारून विद्वज्जगतात खळबळ उडवून दिली होती.

या शास्त्राचे सर्वांत मोठे भारतीय फळ पुण्यात पिकले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. केंब्रिज येथे गणित व बर्लिन येथे भारतविद्या शिकून आलेले डॉ. वि. सी. सुखठणकर हे १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. त्यांनी युरोपीय पद्धती जशीच्या तशी उचलली नाही. महाभारताच्या प्रती परस्परांत इतक्या मिसळलेल्या होत्या की सरळ वंशावळ मांडणे अशक्य होते. म्हणून लिपी व प्रदेश यांनुसार गट पाडून त्यांनी पद्धतीत बदल केला. १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे चाललेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले.

भाषाशास्त्राचा दुवा तर याहून जुना आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच लुप्त भाषेपासून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. संस्कृतातील अस्ति, ग्रीकमधील एस्ति आणि लॅटिनमधील एस्त ही क्रियापदे, किंवा दश, डेका आणि डेकेम हे संख्यावाचक शब्द शेजारी मांडले की नाते उघड होते. ग्रीकमध्ये संस्कृतप्रमाणे द्विवचन आहे, लुङ् लकाराशी जुळणारा भूतकाळही आहे. शालेय संस्कृत पक्के असलेल्या मराठी विद्यार्थ्याला ग्रीक व्याकरण इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा सोपे जावे अशी स्थिती आहे.

भाषेचा उंबरठा

आज या विद्याशाखेतील मुख्य वाद भाषेविषयीच आहे. फार काळ ग्रीक आणि लॅटिन हा विद्यापीठाचा उंबरठाच होता. विज्ञान शिकू इच्छिणाऱ्यालाही प्रवेशासाठी ग्रीक यावे लागे. ही सक्ती केंब्रिजने १९१९ मध्ये व ऑक्सफर्डने १९२० मध्ये काढून टाकली. लॅटिनची सक्ती मात्र १९६० पर्यंत टिकली. ज्या शाळांत या भाषा शिकवीत त्या बहुतांशी श्रीमंतांच्या शाळा असत, त्यामुळे भाषेची अट ही व्यवहारात वर्गाची अट ठरे. स्त्रियांची वाट त्याहून बिकट होती. १८८७ साली केंब्रिजच्या या परीक्षेत प्रथम वर्गाच्या पहिल्या विभागात ॲग्नाटा रॅम्झी ही एकमेव विद्यार्थिनी आली. तिच्या बरोबरीला एकही पुरुष नव्हता. तरीही केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

१९६० नंतर अध्यापकांनी अध्यापनाची पद्धतच बदलली. १९६६ मध्ये हाती घेतलेल्या केंब्रिज लॅटिन पाठमालेचा प्रारंभ व्याकरणाच्या तक्त्यांनी होत नाही, तर पॉम्पेई शहरातील एका कुटुंबाच्या गोष्टीने होतो. १९७८ मध्ये प्रौढ विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीवर ग्रीकची पाठमाला निघाली. आता ऑक्सफर्डमध्ये दोन्ही भाषा न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र मार्ग आहे आणि केंब्रिजमध्ये लॅटिन न येणाऱ्यांसाठी एक वर्ष अधिक असलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शाळांतील विषमता मात्र कायम आहे. इंग्लंडमधील शासकीय शाळांत लॅटिन वाढविण्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय योजनेचे अनुदान फेब्रुवारी २०२५ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावरच, थांबविण्यात आले. मध्येच शिकवणी तुटलेल्या विद्यार्थ्यांचे काय, हा प्रश्न तेथील शिक्षकांनी साहजिकच उपस्थित केला.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये या विषयाच्या पदवीसाठी ग्रीक वा लॅटिनची अट काढून टाकली. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणात ऐतिहासिक स्थान असलेल्या हॉवर्ड विद्यापीठाने आपला क्लासिक्स विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. दोन्ही निर्णयांवर तीव्र चर्चा झाली. भाषेची अट ठेवली तर गरीब शाळेतील मुले बाहेर राहतात, हे एका पक्षाचे म्हणणे खरे आहे. भाषा नसेल तर विद्यार्थी दुसऱ्याने केलेल्या अनुवादाचा कायमचा ओलिस होतो, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही खरे आहे. या दोहोंतून मार्ग काढायचा तर प्रवेशाच्या वेळी भाषा मागू नये, पण पदवीच्या वर्षांत ती विद्यापीठानेच शिकवावी, हाच मार्ग न्याय्य दिसतो. तो खर्चिक आहे. पहिल्या अक्षरापासून शिकविणारे अध्यापक त्यासाठी नेमावे लागतात. अट काढून टाकण्यास पैसा लागत नाही.

अभ्यासाचा रोखही बदलला आहे. अथेन्सची लोकशाही गुलामांच्या श्रमांवर उभी होती आणि स्त्रियांना तीत स्थान नव्हते, ही वस्तुस्थिती पूर्वी तळटीपेत सांगितली जाई. अमेरिकेतील राजकीय छळामुळे नोकरी गमावून इंग्लंडला आलेल्या मोझेस फिन्ली यांनी केंब्रिजमध्ये प्राचीन गुलामगिरीचा विषय इतिहासाच्या मध्यभागी आणला. या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या शिरोभागी त्यांनी गुलामी माणसाचे काय करते याविषयीचे होमरचे वचन उद्धृत केले आहे. विद्यापीठातील पंडित होमरच्या वृत्तांची चर्चा करीत असताना पुण्यातील एका समाजसुधारकाने त्याच्यातील नेमके हेच वचन उचलले होते.

महाराष्ट्राच्या इतिहासाची ग्रीक साधने

मराठी वाचकाला ग्रीक साहित्य आजवर प्रायः इंग्रजीमार्गे मिळाले आहे. विंदा करंदीकर यांनी १९५७ मध्ये ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीझचे ‘राजा ओयदिपौस’ मराठी रंगभूमीसाठी सिद्ध केले. वाङ्मयाच्या आस्वादाला एवढे पुरेसे ठरू शकते. इतिहाससंशोधनाचे तसे नाही.

इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेली ‘एरिथ्रियन समुद्राची पेरिप्लस’ ही मार्गदर्शिका महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. तिच्यात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असा उल्लेख आहे. पैठणहून मौल्यवान खडे व तेरहून साधे कापड, मलमल इत्यादी माल गाड्यांतून भडोचला नेत, असे त्या व्यापाऱ्याने नोंदविले आहे. सोपारा, कल्याण व चौल ही बंदरेही त्यात येतात. कल्याण बंदरावर निर्बंध आले असून तेथे चुकून लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेतात, असा इशाराही तो देतो. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, आणि इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जुळणारी मूर्ती तेरला मिळाली. व्यापाऱ्याच्या नोंदींना या वस्तूंची साक्ष आहे.

पेरिप्लसचा पाठ मात्र अत्यंत नाजूक आधारावर उभा आहे. तिचे प्रमुख हस्तलिखित दहाव्या शतकातील असून जर्मनीतील हायडेलबर्ग येथे आहे. नकलाकाराला भारतीय नावे अपरिचित होती. भडोचच्या राजाचे नाव त्यात बिघडलेल्या रूपात आले असून ते क्षत्रप नहपानाचे असावे, असे अभ्यासकांनी मानले आहे. ही ओळख स्वीकारली तर नहपानाचा काळ पेरिप्लसच्या काळाशी जोडला जातो. आणि नहपानाचा काळ ठरला की त्याचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीचा, पर्यायाने नाशिक व कार्ले येथील लेखांचा काळ त्यामागोमाग सरकतो. ग्रीक हस्तलिखितातील दोन-तीन अक्षरांवर सातवाहनांच्या कालगणनेचा एवढा भार आहे. अनुवाद हाती घेऊन बसणाऱ्याला ही अक्षरे दिसत नाहीत.

नहपानाची स्वतःची साक्षही ग्रीक लिपीतच मिळते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. नहपानाच्या मूळ नाण्यांवर एका बाजूस ब्राह्मी व खरोष्ठी लेख असून राजमुखाभोवती ग्रीक अक्षरांत प्राकृत मजकूर आहे. ठसे कोरणाऱ्या कारागिरांना ग्रीक येत नसावे. अनेक नाण्यांवर अक्षरे मोडत जाऊन नुसत्या रेघा उरल्या आहेत, आणि कोणती रेघ कोणत्या अक्षराची हे ग्रीक वर्णमाला ठाऊक असलेल्यालाच ओळखता येते.